ट्रायपॉडशिवायही स्लो शटर

फिल्म कॅमेऱ्यावरच्या स्लो शटरचा (शटर जास्त वेळ उघडं ठेवून फोटो काढण्याचा) लेख छान, पण त्यासाठी ट्रायपॉड आणि एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काच) हवाच, हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. १०० आयएसओचा (प्रकाशाला कमी संवेदनशील) रोल, एफ/१६ (लेन्सचं छिद्र बारीक) आणि वाड्याची सावली असली की शटर आपसूक १/८ सेकंदाच्या आसपास येतं. फिल्टरचे पैसे रोलला लावा की!

आपल्या नाशकात रंगपंचमीला रहाडीवर (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदावर, ज्यात लोक उड्या मारतात) करून बघा. शटर १/१५, कॅमेरा हातात. उडी मारणाऱ्याबरोबर कॅमेराही खाली आणायचा. जमलं तर माणूस ओळखू येतो आणि काठावरच्या गर्दीच्या उभ्या रेघा होतात. १/५०० ला तोच गडी हवेत टांगल्यासारखा दिसतो. (कॅमेऱ्याला पिशवी गुंडाळा, तो रंग जाता जात नाही.)

रेसिप्रॉसिटीचा मात्र लेखात उल्लेखच नाही. म्हणजे एका सेकंदापुढे फिल्म मंदावते, तेवढ्याच प्रकाशाला कमी दाद देते. एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मवर प्रकाश मोजणारा मीटर १० सेकंद म्हणत असेल तर साधारण २० द्यावे लागतात. सोमेश्वरच्या धबधब्यावर दिवेलागणीला मीटरवर भिस्त ठेवली की निगेटिव्ह पातळ (फिकी) येते आणि बोलणी खातो लॅबवाला. रंगीत फिल्मवर तर रंगही सरकू शकतात. त्यावर पुढचा लेख येऊ द्या, फिल्मवार आकड्यांसकट.