यकृत बर्फात तीन दिवस टिकतं?

"दात्याचं यकृत बर्फात तीन दिवस आरामात टिकतं. मग ग्रीन कॉरिडॉरच्या नावाखाली पुण्याची वाहतूक कशाला अडवता? आणि ठेवलेलं यकृत चालेल की नाही, हे कुणालाच कळत नाही." आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड आला आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. हे वाचून एका जरी घरानं अवयवदानाला नकार दिला, तर कुणाचा तरी जीव जाईल. म्हणून लिहितेय.

आधी बर्फ. यकृतातलं रक्त थंड द्रावणानं धुऊन काढतात आणि ते द्रावणासकट, एकात एक अशा निर्जंतुक पिशव्यांत घालून बर्फाच्या पेटीत ठेवतात. बर्फ थेट लागू द्यायचा नसतो. गोठलं तर स्फटिक पेशी फोडतात. 4 अंशांना पेशींचं काम मंदावतं, थांबत नाही. प्राणवायू मात्र बंद असतो. साठवलेली ऊर्जा संपत जाते, पेशी फुगतात. म्हणून साधारण 12 तासांच्या आत, खरं तर त्याहून बरंच आधी, ते जोडायचं असतं. चरबी साठलेल्या यकृताला तेवढंही सोसत नाही.

'तीन दिवस' आले बहुधा झुरिकहून. तिथे 2021 मध्ये तीन दिवस जपलेलं यकृत एका रुग्णाला बसवलं. पण ते यंत्रावर, शरीराच्या तापमानाला, रक्त फिरवत ठेवलं होतं. बर्फात नव्हे!

'कळत नाही' हेही खोटं. सर्जन यकृत हातात घेऊन बघतात: रंग तांबूस की पिवळट, कड धारदार की बोथट. शंका आली तर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जातो. यंत्रावर तर ते काम करतानाच दिसतं. फिरणाऱ्या रक्तातलं लॅक्टेट (प्राणवायू कमी पडला की पेशींत साचणारा पदार्थ, जो चांगलं यकृत साफ करतं) उतरतंय का, नळीतून पित्त येतंय का, हे तासातासाला तपासतात. ब्रिटनमध्ये सगळ्या केंद्रांनी नाकारलेली 31 यकृतं अशी पारखली. त्यातली 22 बसवली आणि 90 दिवसांनी ते बावीसही रुग्ण जिवंत होते. असं यंत्र सगळीकडे नसतं. पेटी मात्र सगळीकडे असते, आणि पेटीला घड्याळ असतं.

राहिली वाहतूक. लोहगाव विमानतळावरून पेटी निघते, तेव्हा इकडे ऑपरेशन थिएटरमध्ये रुग्णाचं जुनं यकृत सोडवायला सुरुवात झालेली असते.