अढी

पुतणी न्यू जर्सीहून आली, तिनं सगळ्यांना बदाम-चॉकलेटं वाटली आणि माझ्या हातात एक बाटली ठेवली. अननसाच्या आकाराची, टोपणाला सोनेरी तुरा. खोक्यावर कुणा गायिकेची सही. "काका, तिचं स्वतःचं परफ्यूम आहे!" म्हणजे काय, ती काय रात्री ढवळत बसते? आमच्या लहानपणी नट्या साबणाच्या जाहिरातीत असायच्या, आता बाटलीत उतरल्यात. एलिझाबेथ टेलरनं १९९१ साली 'व्हाइट डायमंड्स' काढलं, तेव्हापासून ही रांग वाढतच गेली म्हणे.

पुतणीनं खोकं वाचून दाखवलं. टॉप नोट आंबा, अननस, पॅशनफ्रूट; मिडल नोट मोगरा; बेस नोट चंदन नि देवदार. मी चादरींच्या पेढीवर हिशेब लिहितो, नोट म्हटलं की माझे कान उभे राहतात. नीट ऐकलं तर हिशेब सरळ होता. बाटलीत मुख्य भरणा अल्कोहोलचा. ते उडून जाताना हलका माल आधी नेतं, म्हणून फळं पहिल्या पंधरा मिनिटांत खर्ची पडतात. फुलं तास-दोन तास टिकतात. जड लाकूड मात्र दोन हजाराच्या नोटेसारखं, कुठं चालत नाही नि हातातून जातही नाही.

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतून आणलेला हिन्याचा फाया कानात घालणारा माणूस मी. फवारा किती मारायचा हे कोण सांगणार? अकरा मारले. शुभकार्याला निघालो होतो.

मे महिना, त्रेचाळीस अंश. सात रस्त्याला शेअर रिक्षात बसलो आणि फळांनी एकदमच बाजार मांडला.

"मागं फणस फुटलाय काय की!" ड्रायव्हर आरशातून म्हणाला.

शेजारच्या आजींनी मांडीवरची पिशवी उघडून आत नाक घातलं. "माझ्याकडं कडक भाकरी नि शेंगाचटणी हाय बाबा," त्या शपथेवर सांगितल्यासारखं म्हणाल्या. मग सगळे एकमेकांच्या पिशव्यांकडं बघू लागले. मीही बघितलं. तेवढ्यात एक गांधीलमाशी आत आली, आजींना ओलांडून, ड्रायव्हरला ओलांडून, थेट माझ्या कॉलरवर येऊन बसली. कॉलरच्या शिवणीवरून ती सावकाश चालत गेली, शेवटच्या टाक्यापाशी थांबली, मागं वळली. बायको दातओठ खात म्हणाली, "हलू नका." आता गुन्हेगार कोण हे साऱ्या रिक्षाला कळलं होतं.

मोगऱ्याचं काय झालं, मला सांगता येणार नाही. कार्यालयाच्या दारात पोरी गजरे वाटत होत्या, त्यात तो कुठं हरवला कोण जाणे.

चंदन मात्र पंगतीत येऊन बसलं. माझ्या उजव्या हाताला मुलीकडचे एक आजोबा होते. त्यांनी पहिला घास हातातच ठेवला, दोनदा नाक ओढलं आणि अत्यंत हळुवार आवाजात विचारलं, "कुणाकडं मातीला जाऊन आलात का?"

"नाही हो."

"तसं नाही, चंदनाचा वास येऊलालाय. आंघोळ करून आलात ना?"

साखरपुड्याच्या पंगतीत हा प्रश्न! समोरच्या रांगेतल्या तीन बायकांनी पदर सावरले. वाढप्यानं माझ्या पानावर श्रीखंड लांबूनच टाकलं. बायकोनं मला उठवून हात धुवायच्या नळाखाली उभं केलं आणि ताट घासावं तशी मान घासली. चंदन तेलकट असतं, पाण्याला दाद देत नाही. उलट ओलं झाल्यावर आणखी खुललं.

घरी साबण लावून आंघोळ करीन म्हटलं, तर पाणी आमच्याकडं चार दिवसांआड आणि पाण्याचा दिवस परवा. "पिण्याच्या हंड्याला हात लावाल तर बघा," असं बजावून बायकोनं एक तांब्या पुढं सरकवला. एका तांब्यात मी कोपरापर्यंत पोचलो. दोन दिवस पेढीवर सगळे माझ्याशी जरा अदबीनं बोलत होते, सुतकातल्या माणसाशी बोलावं तसे.

बाटली बायकोनं चादरींच्या कपाटात, खालच्या खणात आडवी टाकली. तुऱ्याचं टोपण सैल होतं, हे नंतर कळलं. गेल्या आठवड्यात पुण्याचे पाहुणे मुक्कामाला होते, त्यांना त्याच कपाटातल्या चादरी दिल्या. सकाळी चहा घेताना पाहुणा खूश होऊन म्हणाला, "वहिनी, रात्रभर आंब्याचा काय वास येत होता! अढी कुठं घातलीय?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं.

"मनात," ती म्हणाली.