लोकाग्रहास्तव, पुन्हा एकदा शेवटचं

बँड काढायचा म्हणता? जरूर काढा. पण तो मोडायचा कसा, हे आधी ठरवा. तीन कॉर्ड आणि एक प्रेमभंग एवढ्यावर गाणी कुणालाही जमतात. मोडायला दूरदृष्टी लागते.

गोडीगुलाबीने तर मुळीच वेगळे होऊ नका. अमेरिकी रॉक बँड आर.ई.एम.ने २०११ साली हा गाढवपणा केला. ना भांडण, ना वकील, ना एकमेकांची उणीदुणी. परिणाम काय? २०२४मध्ये चौघे एका सन्मान सोहळ्यात जमले, एकच गाणं वाजवलं आणि आपापल्या घरी गेले. पुन्हा एकत्र यायला काय लागेल, या प्रश्नावर बेस वाजवणारा माइक मिल्स म्हणाला, धूमकेतू. आता धूमकेतूची तिकिटं विकायची कुणी?

त्यापेक्षा सख्खा भाऊ असेल तर त्याला बँडमध्ये घ्या. भाऊबंदकीइतकं पक्कं भांडवल नाही. ओॲसिस या ब्रिटिश बँडचे भाऊ नोएल आणि लियाम गॅलाघर २८ ऑगस्ट २००९ला पॅरिसमध्ये, कार्यक्रमाआधी, स्टेजमागे भिडले. गिटार फुटली, बँडही फुटला. गिटार गेली ती गेली, भांडणावर मात्र पंधरा वर्षं व्याज चढत राहिलं. मग २७ ऑगस्ट २०२४ला समेट जाहीर झाला. ३०ला पहिल्या अल्बमची तिशीनिमित्त नवी आवृत्ती आली आणि ३१ला तिकिटविक्री. रक्ताचं नातं उचंबळून यायलाही मुहूर्त लागतो, तो असा. त्या नव्या आवृत्तीत होतं काय, तर १९९४मध्ये पसंत पडलं नाही म्हणून बाजूला टाकलेलं ध्वनिमुद्रण. तेव्हा, काहीही फेकू नका. आज जे ऐकवायची लाज वाटते, ते तीस वर्षांनी ‘दुर्मिळ’ होतं.

रांगेत तासन्‌तास ताटकळलेल्या लोकांना दीडशे पौंडांच्या आतलं तिकीट ३५५ पौंडांना दिसू लागलं, तेव्हा बँडने निवेदन काढलं: मागणीनुसार भाव चढणार हे आम्हाला ठाऊक नव्हतं. हे निवेदन पाठ करून ठेवा.

मुलाखतीत ‘पुन्हा एकत्र येणार का?’ असं विचारलं, की ‘शक्यच नाही’ म्हणायचं. नकार जितका जहाल, तितकं पुढचं नामकरण सोपं. ईगल्सच्या डॉन हेन्लीने सांगितलं होतं, नरक गोठला तरच. १९९४मध्ये तो गोठला, आणि अल्बमचं नावही तेच ठेवलं. वर ग्लेन फ्राय स्टेजवरून सांगतो, आम्ही फुटलोच नव्हतो, चौदा वर्षांची सुट्टी घेतली होती! गन्स एन’ रोझेसचा गायक ॲक्सल रोझ, गिटारवादक स्लॅशशी फाटल्यावर, म्हणाला होता, या जन्मी नाही. त्याच नावाच्या दौऱ्याने २०१६पासून ५० कोटी डॉलरहून जास्त गल्ला जमवला. मुंबईकरांना हा बँड हप्त्यांत मिळाला: २०१२मध्ये स्लॅशविना, २०२५मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर स्लॅशसकट. दोन्ही वेळा तिकीट पूर्णच, अर्थात.

प्रामाणिकपणा टाळा. सेक्स पिस्टल्स हा पंक बँड. ते १९९६मध्ये परतले ते पैशासाठी आलोय असं उघड सांगत, आणि दौऱ्याचं नावही तसंच ठेवून. पंकवाल्यांना ते शोभून गेलं. तुम्ही आपलं ‘चाहत्यांच्या प्रेमाखातर’ म्हणा.

आता निरोप. निरोपाचे दौरे सढळ हाताने काढावेत. ‘किस’ या बँडने २०००मध्ये एकदा निरोप घेतला, मग २०१९ ते २०२३ अशी जवळजवळ पाच वर्षं सावकाश घेतला, आणि शेवटच्या रात्री मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जाहीर केलं, की यापुढे आमचे डिजिटल अवतार वाजवतील. म्हणजे मरणाचीही आडकाठी उरली नाही. मॉट्ली क्रू हा बँड त्याहून कायदेशीर. पुन्हा दौरा करणार नाही, असा करार २०१४मध्ये पत्रकारांसमोर सह्या ठोकून केला. २०१९मध्ये तो करार स्फोट करून उडवल्याचा व्हिडिओ काढला. स्टँप पेपर उडवून दिला की दावा निकालात निघतो, हे आपल्या तालुका कोर्टांना कळलं तर किती फायली मोकळ्या होतील.

ब्रिटिश बँड ‘द हू’ तर १९८२मध्येच निरोप घेऊन मोकळे झाले होते. २०२५मध्ये अमेरिकेला पुन्हा शेवटचा नमस्कार करायला निघाले, तेव्हा ड्रमर झॅक स्टार्कीला एप्रिलमध्ये काढलं, काही दिवसांत परत घेतलं आणि मे महिन्यात पुन्हा काढलं. बँड एवढ्या वेळा मोडणं परवडत नसेल, तर निदान ड्रमरवर सराव करावा.