गाणं कुणाचं? ज्याने तो तुकडा वाजवला त्याचंही!

हिट गाण्याचा विषय निघाला की आपण गायकाचं नाव घेतो, फार तर संगीतकाराचं. पण गाणं ओळखतो कशावरून? बहुतेक वेळा गायकाने तोंड उघडायच्या आधीच ते ओळखलेलं असतं. ड्रमचा ठेका, बेस गिटारचे चार-पाच खर्जातले सूर, ऑर्गनची एखादी फिरत, की हात आवाज वाढवायला गेलाच. हे तुकडे म्हणजे गाण्याची सजावट आहे असं मला अजिबात वाटत नाही. ते गाणंच आहे. आणि ते सुचलेल्या माणसांना आपण वर्षानुवर्षं ‘साथीला असलेले’ म्हणून मागच्या रांगेत बसवलं, याचा मला मनापासून राग आहे.

मायकल जॅक्सनचं ‘बिली जीन’ हेडफोन लावून ऐका. सुरुवातीला निव्वळ ड्रम. एनडुगू चान्सलर वाजवतोय. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (काठीने वाजवायचा छोटा), किक, स्नेअर आणि वर हाय-हॅटच्या झांजांची एकसारखी टिकटिक. हात दाखवण्याचा मोह एकदाही नाही. मग लुई जॉन्सनचा बेस येतो: प्रत्येक मात्रेला दोन सूर, चार मात्रांत आठ, श्वास घ्यायला फट म्हणून नाही. कुणीतरी मागे लागल्यासारखा तो चालत राहतो. गाण्यातला माणूसही एका आरोपातून सुटायला धडपडतोय, म्हणजे शब्द कळायच्या आधीच त्याची धाकधूक आपल्या अंगात शिरलेली असते. ती ओळ जॅक्सननेच बांधलेली, पण जॉन्सनने आपल्याकडचे वेगवेगळे बेस वाजवून दाखवले आणि त्यांतून नेमका हा आवाज निवडला गेला. गायक यायला जवळपास अर्धा मिनिट लागतो. निर्माता क्विन्सी जोन्सला ही सुरुवात फार लांब वाटत होती, त्याला ती छाटायची होती. जॅक्सन ऐकेना. तेच ऐकून मला नाचावंसं वाटतं, असं त्याचं म्हणणं होतं. ती छाटली असती तर गाणं तरीही चाललं असतं कदाचित, पण ‘बिली जीन’ म्हणून आज जे कानात बसलंय ते राहिलं नसतं.

एखादं वाद्य काढून टाकणं हाही निर्णयच असतो. अमेरिकन पॉप गायक प्रिन्सने 1984 साली ‘व्हेन डव्ज क्राय’मध्ये बेस वाजवला आणि सगळे आवाज एकत्र जुळवताना, म्हणजे मिक्स करताना, चक्क काढून टाकला. नाचायचं गाणं आणि बेस नाही! ड्रम मशीन, कीबोर्ड आणि आवाज यांच्या खाली नुसती पोकळी. गाणं आहे सोडून जाण्याबद्दलचं, आणि ती पोकळी शब्दांपेक्षा आधी बोलते. अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं.

आवाजाचंही तेच. मुख्य गायकामागे गाणारे नुसता कोरस भरायला नसतात. रोलिंग स्टोन्स या बँडच्या 1969 च्या ‘गिम्मी शेल्टर’मधली मेरी क्लेटन ऐका. तिला लॉस एंजेलिसमध्ये रात्री उशिरा बोलावून घेतलं, ती गरोदर होती, केसांना रोलर लावलेल्या अवस्थेतच स्टुडिओत आली. वरच्या पट्टीत गाताना तिचा आवाज फाटतो. एकदा नाही, पुन्हा, ‘मर्डर’ या शब्दावर. आणि मागे कुणीतरी भारावून ओरडलेलं त्याच रेकॉर्डिंगमध्ये राहून गेलंय. आवाज फाटला म्हणून ते रेकॉर्डिंग कुणी टाकून दिलं नाही हे आपलं नशीब. मुख्य गायक मिक जॅगर त्यात उत्तमच गायलाय, पण त्या गाण्यातली युद्धाची भीती मला ऐकू येते ती क्लेटनच्या त्या फाटलेल्या सुरात.

आता श्रेयाचं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची साठच्या दशकातली गाणी जगाने डोक्यावर घेतली. त्यांतल्या कितीतरी गाण्यांचा बेस जेम्स जेमरसनने वाजवलाय, तोही उजव्या हाताच्या एकाच बोटाने. त्याचा बेस ठेका धरून बसत नाही, खालून वेगळीच चाल गात असतो. पण मोटाउनच्या मोठ्या रेकॉर्डच्या वेष्टनावर त्याचं नाव छापून आलं ते 1971 साली, गायक मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. मोटाउनचंच ‘माय गर्ल’ आठवा. आधी जेमरसनचा बेस, मग एकेक पायरी चढत जाणारी गिटार. ती गिटार रॉबर्ट व्हाइटची. एका रेस्तराँमध्ये तेच गाणं लागलं तेव्हा तो वेटरला सांगायला गेला की हे मी वाजवलंय, आणि मधेच थांबला. सांगितलं असतं तर वेटर मला खुळा म्हातारा समजला असता, असं तो सोबतच्या माणसाला म्हणाला. ही हकीकत मला अस्वस्थ करते. ज्या सुरांनी गाणं ओळखलं जातं, ते वाजवणाऱ्याला स्वतःची ओळख सांगायची चोरी!

यावर ठरलेलं उत्तर येतं: सेशनचे, म्हणजे रेकॉर्डिंगला येऊन वाजवण्याचे, पैसे दिले, विषय संपला. मला हे पटत नाही. समोर लिहिलेले सूर ठेवले आणि ते वाजवून दिले, तर बिदागी पुरेशी आहे. पण ‘इथे काहीतरी वाजव’ एवढंच सांगितलं आणि त्या माणसाने जे सुचवलं त्यावर अख्खं गाणं उभं राहिलं, तर ती रचना झाली. कायद्यानेही हे एकदा मान्य केलंय. प्रोकोल हॅरम या ब्रिटिश बँडच्या 1967 च्या ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ची ऑर्गनवरची धून बँडमधल्या मॅथ्यू फिशरची. गाण्यावर नावं मात्र गॅरी ब्रूकर आणि कीथ रीड यांची. फिशर कोर्टात गेला तो 2005 मध्ये. पुढच्या वर्षी तिथल्या उच्च न्यायालयाने त्याला संगीताच्या हक्कात 40 टक्के वाटा दिला, अपिलात पैशांचा हक्क गेला, आणि 2009 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, तो परत दिला. इतकी वर्षं गप्प का बसला, हा प्रश्न त्याला सतत विचारला गेला. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. त्याचं नाव पहिल्याच दिवशी का घातलं नाही, हे विचारायला हवं होतं.

आणि आता तर सबबही उरलेली नाही. रेकॉर्डच्या वेष्टनावर जागा कमी होती हे एक वेळ मान्य करू. पण गाणी ऐकायच्या अॅपच्या पडद्यावर जागेची काय कमतरता? गाण्याच्या नावाखाली बेस कुणी वाजवला, ड्रमवर कोण होतं, मागे कोण गायलं, एवढं प्रत्येक गाण्याला लिहाच. जुन्या गाण्यांपासून सुरुवात करा, कारण ती माणसं एकेक करून जात आहेत.