आमच्या मुली तसल्या नाहीत!

गेल्या शनिवारी लेकीच्या शाळेत सातवीची पालकसभा होती. एक डॉक्टरबाई आल्या होत्या. फळ्यावर विषय लिहिला होता, ‘मुलींचे आरोग्य’. तो वाचूनच निम्मे बाबा ‘गाडी नीट लावून येतो’ म्हणून जे गेले ते चहाच्या वेळी उगवले. बाईंनी वीस मिनिटं गर्भाशयमुखाचा कर्करोग, तो ज्याने होतो तो शरीरसंबंधातून पसरणारा एचपीव्ही नावाचा विषाणू आणि त्यावरची लस, सगळं नीट सांगितलं. कुणाला काही विचारायचंय का, म्हणाल्या. तिसऱ्या रांगेतले एक बाबा उठले.

“मॅडम, हा रोग कशातून होतो ते तुम्हीच सांगितलंत. मग आमच्या मुलींना ही लस कशाला? आमच्या मुली तसल्या नाहीत.”

टाळ्या पडल्या. त्यात बांगड्यांचाही आवाज होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या मंडळींना माहिती नकोच आहे, नकार शोभून कसा दिसेल ते हवंय. तर पालकहो, ही सेवा मी विनामूल्य देते.

पहिली गोष्ट, ‘लस नको’ असं सरळ म्हणायचं नाही. ‘आम्ही लसीच्या विरोधात नाही, पण’ इथून सुरुवात करायची. ‘पण’च्या पुढे काहीही चालतं.

पुराव्याला व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ हाताशी ठेवा. बोलणारा पांढऱ्या कोटात हवा, कुठला डॉक्टर ते कुणी विचारत नाही. ‘ही लस घेतली की पुढे मूल होत नाही’ हे वाक्य तर घरात असतंच. पोलिओच्या थेंबांच्या वेळी वापरून, धुऊन, घडी घालून ठेवलेलं. तेच काढा.

महाग आहे म्हणा. पुण्याच्या सीरमची लस २०२३ पासून बाजारात आहे, एक डोस दोन हजारांच्या आसपास. वाढदिवसाच्या फुग्यांच्या कमानीला तेवढेच लागतात, पण कमान आवश्यक आहे.

मुलग्यांना द्यायची का? छे, छे. ऑस्ट्रेलियात २०१३ पासून शाळेतच देतात, पण ते ऑस्ट्रेलिया.

अभ्यासू दिसायचं असेल तर ‘खम्मम’ म्हणा आणि सुस्कारा सोडा. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेत वडोदऱ्याला मुलींना ही लस दिली, सात मुली दगावल्या, काम बंद पडलं. इथेच थांबायचं. चौकशीत काय निघालं ते गाळायचं. एक मुलगी बुडाली होती, एकीला साप चावला होता, कुणी कीटकनाशक घेतलं होतं, आणि मृत्यूंचा लसीशी संबंध सापडला नाही. खरं तर त्या प्रकरणात चिडण्यासारखं पुष्कळ होतं. वसतिगृहातल्या मुलींच्या आईबापांना न विचारता वॉर्डननी सह्या ठोकल्या होत्या, २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावरून झाडलंही. तो राग माझाही आहे. पण तो न विचारल्याचा राग आहे, आणि तुम्हाला तर विचारलंय! छापील संमतीपत्र हातात दिलंय, डॉक्टरबाई समोर उभ्या आहेत, विचारा की काय विचारायचं ते. दंड दुखतो का? दुखतो, एखाद-दोन दिवस. चक्कर येते का? एखादीला येते, म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवतात. हे कुणीच विचारलं नाही.

आणि त्याच गदारोळात लसीचा दुसराही एक अभ्यास अर्ध्यावर थांबला होता. त्यात पुणं होतं, आपली बार्शीही होती. हजारो मुलींना ठरलेल्या डोसांऐवजी एकच मिळाला. पुढे दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तर एका डोसचं संरक्षणही जवळपास तेवढंच टिकलेलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही पुरतो असं सांगितलं, त्यात या मुलींचा वाटा आहे. हे मात्र कुठे बोलू नका, तुमची बाजू पडेल.

आता ब्रह्मास्त्र. ‘लग्न ठरलं की बघू.’

किती समंजस वाटतं ऐकायला! लग्नाच्या यादीतच घालायचं : हॉल, आचारी, बस्ता, मेंदीवाली, लस. मुलाकडच्यांना आपण काय काय विचारतो? पॅकेज विचारतो, फ्लॅट कुणाच्या नावावर ते विचारतो, मंगळ आहे का बघतो. बेंगळुरूला सहा वर्षं एकटा होता, तो खरंच एकटा होता का, हे विचारत नाही. मुलगा आहे ना! आणि तुमची ती अजिबात तसली नसलेली मुलगी, जिच्या आयुष्यात नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष नाही, तिला हा विषाणू नवऱ्याकडूनच मिळू शकतो. मंगळसूत्र दिसलं म्हणून तो उंबऱ्यावरून माघारी फिरत नाही हो! शरीरसंबंध आलेल्या बहुतेक सगळ्यांना तो कधी ना कधी गाठतोच. बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपला आपण निघून जातो. थोड्या जणींत मुक्काम ठोकतो आणि पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग होऊन समोर येतो. म्हणून लस आधी द्यायची, नऊ ते चौदाच्या वयात, शरीर तिला उत्तम साथ देतं तेव्हा. कौलं परतायला माणूस मृगाच्या आधी बोलावतात की घरात धारा लागल्यावर?

बरं, हेपटायटिस बीची लस कशी चालली? ती तर जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत टोचून घेतलीत. तो विषाणू रक्तातून पसरतो, आईकडून बाळाला जातो, तसा शरीरसंबंधातूनही पसरतो. ती लसही कर्करोगच टाळते, यकृताचा. तेव्हा कुणी म्हणालं का, ‘सिस्टर, आमचं बाळ तसलं नाही’? तिथे कावीळ म्हणता येतं. इथे गर्भाशयाचं मुख म्हणावं लागतं, आणि तो शब्द तुमच्या तोंडातून फुटत नाही. सुईचं भय नाहीच तुम्हाला. आपली मुलगी एक दिवस मोठी बाई होणार, तिलाही शरीर असणार, एवढं मनात आणायची लाज वाटते. त्या लाजेला तुम्ही ‘सुरक्षिततेबद्दलच्या शंका’ म्हणता.

पुढच्या सूचना लिहून ठेवल्या होत्या. राहू देत.

माझी मावशी सेहेचाळिसाव्या वर्षी गेली. अंगावरून जातंय हे तिने वर्षभर कुणाला सांगितलं नाही. वास येतो म्हणून स्वयंपाकघरात यायची बंद झाली, तरी कुणी विचारलं नाही. मुंबईला आणली तोवर आजार पसरलेला होता. दहाव्याला आलेल्यांना मामा सांगत होता, “पोटाचं काहीतरी होतं.” पोटाचं काहीतरी! २०२२ या एका वर्षात आपल्या देशात सव्वा लाखाहून जास्त बायकांना हे ‘पोटाचं काहीतरी’ झालं आणि ऐंशी हजारांच्या आसपास गेल्या, असा जागतिक अंदाज आहे. त्या सगळ्या तसल्या होत्या? माझी मावशी तसली होती?

तिकडे स्कॉटलंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस पूर्ण झालेल्या मुली आता कर्त्या बाया झाल्यात. २०२४ मध्ये त्यांचा हिशेब जाहीर झाला : या कर्करोगाचा रुग्ण एकही नाही. एकही!

आणि टाळ्या वाजवणाऱ्या बायांनो, तुमची स्वतःची गर्भाशयमुखाची तपासणी कधी झाली? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत दोघीसुद्धा नाही निघाल्या ही तपासणी झालेल्या. मीही यंदाच करून घेतली, बेचाळिसाव्या वर्षी, मावशीचं एवढं पाहून. लेकीला लस दिली तरी तिशीनंतर तिलाही करावी लागेल. लाजा सोडा आता.

त्या तिसऱ्या रांगेतल्या बाबांना एक सांगायचंय. सभा चालू होती तेव्हा मुली बाहेर व्हरांड्यात बसल्या होत्या आणि दार उघडं होतं. घरी येताना रिक्षात माझी लेक म्हणाली, “आई, तसल्या म्हणजे कसल्या गं?” व्हरांड्यात तुमची मुलगी तिच्या शेजारीच होती, अहो. तिनेही ऐकलंय, तिच्या बापाने भर सभेत तिच्याबद्दल काय म्हटलं ते.

संमतीपत्र गुरुवारपर्यंत द्यायचंय. तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असेल, बघा.