भीड सोडा, फोन करा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सावधान!'चे फॉरवर्ड रोज येतात. पण स्वतःच्या फोनमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन (म्हणजे व्हॉट्सॲपला आपण स्वतः लावायचा जादा पिन) किती जणांनी चालू केलंय, असं विचारलं की सगळे चिडीचूप.

व्हॉट्सॲप 'हॅक झालं' म्हणतात, पण बहुतेक वेळा कुणी काही फोडलेलं नसतं. चोर त्याच्या फोनवर तुमचा नंबर टाकतो, सहा आकडी कोड तुमच्या एसएमएसमध्ये येतो आणि तो आपणच देतो. बरं, मागणारा अनोळखीही दिसत नाही. ज्याचं खातं आधीच गेलंय त्या भाच्याच्या नंबरवरून, त्याच्याच डीपीसकट मेसेज येतो: 'मावशी, माझा कोड चुकून तुझ्याकडे आलाय, पाठव ना पटकन.' मावशी पाठवते. थोड्या वेळाने तिच्या भिशीतल्या बायकांना 'तिचा' मेसेज: 'माझं यूपीआय चालत नाहीये गं, पंधरा हजार टाकशील? संध्याकाळी देते.'

अशा मावशीला बावळट म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ती भिडस्त आहे, एवढंच. भिशीतल्या बायकाही तशाच. 'खरंच तूच आहेस ना?' असं विचारायचं म्हणजे तिला काय वाटेल! भीड ही भिकेची बहीण, आणि या चोरांचा अख्खा धंदा तिच्यावर चालतो.

त्यात आता नुसतं 'ओटीपी देऊ नका' सांगून भागत नाही. 'हा तुझाच फोटो ना?' म्हणून लिंक येते. उघडली की नंबर मागते, मग एक कोड दाखवून तो व्हॉट्सॲपमध्ये टाकायला लावते. टाकलात की चोराचा कॉम्प्युटर तुमच्या खात्याला जोडला गेला. तुमचं व्हॉट्सॲप नेहमीसारखं चालू राहतं, म्हणून शंकाही येत नाही. शेजारच्या काकूंच्या व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' (खात्याला जोडलेल्या उपकरणांची यादी) उघडलं तर विंडोजवरचं क्रोम जोडलेलं. घरात कॉम्प्युटरच नाही! त्यावर बोट ठेवून लॉग आउट केलं, विषय संपला.

कुरिअरवाला बनून कुणी *२१* ने सुरू होणारा नंबर डायल करायला सांगितला तर करू नका. त्याने तुमचे कॉल दुसरीकडे वळतात आणि फोनवरून सांगितला जाणारा व्हॉट्सॲपचा कोडही तिकडेच जातो. केलाच असेल तर ##००२# डायल करून रद्द करा.

खातं गेलंच तर व्हॉट्सॲप पुन्हा टाकून आपल्याच नंबरने नोंदणी करा. एसएमएसचा कोड टाकला की चोर बाहेर पडतो. त्याने पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला ७ दिवस थांबावं लागेल, पण तोही आत राहत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. घरात आधी 'कुणी सांगितलं होतं पाठवायला' यावर परिषद भरवू नका.

आईवडिलांच्या फोनवर पिन तुम्हीच बसवून द्या, सोबत ईमेलही जोडा. पिन विसरला तर तोच कामाला येतो.

आणि माझ्या नावाने कुणी पैसे मागितले तर आधी मला फोन करा. मी उचलला नाही तर पैसे देऊ नका. मला अजिबात राग येणार नाही.