गॅस संपला असन, भरून टाका

मे महिना लागला, नागपुरात पारा ४५ला टेकला आणि गाडीतल्या एसीच्या जाळीतून कुणी तोंडाने फुंकर मारल्यासारखी कोमट हवा यायला लागली, की घाबरून जाऊ नका. तडक गॅरेज गाठा. तिथला पोरगा बॉनेट उघडायच्या आधीच सांगेल, “काही नाही भाऊ, गॅस संपला असन.” लगेच मान डोलवा. संपतो म्हणजे जातो कुठे, असा प्रश्न मनात आला तर तो तिथेच गिळा. एसीचं चक्र बंदिस्त असतं. तोच गॅस कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप), कंडेन्सर (गाडीच्या तोंडाशी गॅस निववणारी नळ्यांची चौकट), कूलिंग कॉइल अशा प्रदक्षिणा वर्षानुवर्षं घालत असतो. रबरी होजमधून वर्षाकाठी चिमूटभर निसटतो, पण टाकीतल्या पेट्रोलसारखा जळून जात नाही. म्हणजे गॅस कमी झालाय याचा अर्थ कुठेतरी भोक आहे. आता सांगा, दोन हजारांत काम होत असताना भोक शोधून कुणाचं भलं झालंय?

मी स्वतः सलग चार मे महिने गॅस भरून घेतला. आमच्याकडे लोणच्याच्या कैऱ्या आणि गाडीचा गॅस एकाच आठवड्यात आणायची पद्धतच पडली आहे.

तरीही गळती आपोआप दिसून जायचा धोका असतोच, म्हणून थोडी खबरदारी घ्या. गॅस डोळ्यांना दिसत नाही, वासही जाणवत नाही. पण तो एकटा फिरत नाही. कॉम्प्रेसरचं वंगण म्हणून त्याच्याबरोबर थोडं तेलही चक्रात फिरत असतं. गॅस जिथून सुटतो तिथे हे तेल पाझरतं, त्यावर धूळ बसते आणि काळा चिकट डाग तयार होतो. कॉम्प्रेसर गळत असेल तर हा डाग बहुधा त्याच्या नाकावर, म्हणजे त्याला इंजिनच्या पट्ट्याशी जोडणाऱ्या पुढच्या क्लचच्या मागे सापडतो. तिथून शाफ्ट बाहेर येतो आणि त्याच्याभोवती एक सील असतं. सील गेलं की तेल क्लचवर येतं, क्लच गरगरतो आणि आजूबाजूला, कधी बॉनेटच्या आतल्या बाजूलाही, शिंतोड्यांची कमानदार रेघ उमटते. चोर पायांचे ठसे ठेवून जावा तसं हे सगळं स्पष्ट असतं. तेव्हा गॅरेजला जायच्या आदल्या दिवशी न चुकता इंजिन धुऊन घ्या. फोम मारा, वर चकाकणारं पॉलिश फवारा. मिस्त्री कितीही हुशार असला तरी मग काय डोंबल दिसणार आहे त्याला!

त्याउलट गाडीखाली स्वच्छ पाण्याचं थारोळं दिसलं, तर मात्र आरडाओरडा करा. कूलिंग कॉइलवर हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं ते पाणी असतं, म्हणजे एसी तब्येतीत असल्याची खूण. पण फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला पाणीच बरं; तेलाचा डाग फोटोत उठून दिसत नाही.

आता समजा मिस्त्रीने मीटर लावला. इंजिन बंद असताना चाळिशीच्या उकाड्यात काटा १३० पीएसआयच्या आसपास गेला, की “प्रेशर तर आहे!” असं म्हणून समाधानाने चहा मागवा. आत थोडा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला तरी बंद गाडीत काटा तापमानाप्रमाणे तेवढाच दिसतो, मग तो गॅस शंभर ग्रॅम असो की चारशे. ही माहिती कुणी दिली तर चहा संपवून उठा.

किती गॅस भरायचा, हे बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. तिकडे पाहू नका. वजनकाटा सराफाकडे असतो. इथे पाइपला हात लावून “झाला गार” म्हणायची परंपरा आहे. आणि व्हॅक्यूम? अर्धा तास पंप चालवून चक्रातला ओलावा काढायचा असतो म्हणे. पाच मिनिटं पुरेत. पंप बंद केल्यावर काटा जागचा हलला नाही, की “लीकेज नाही” असा दाखला घेऊन घरी या. व्हॅक्यूमचा ताण उभ्या आयुष्यात एका वातावरणाच्या दाबापलीकडे जात नाही आणि तोही बाहेरून आत. एसी चालू असताना मात्र पंधरा पट दाब आतून बाहेर ढकलत असतो. आत ओढलं की गुपचूप चिकटून बसणारं आणि बाहेर ढकललं की शिटी मारणारं सील, असं नमुनेदार रबर निसर्गात दुर्मीळ नाही. नायट्रोजन भरून, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणारा एखादा खवट मिस्त्री गावात असतो. त्याच्याकडे पाठ फिरवून चाला.

वास घेणारं यंत्र वापरायचंच असेल तर त्यालाही रीत आहे. गॅस हवेपेक्षा जड, खाली बसणारा. म्हणून यंत्राचं नाक सांध्यांच्या वरून, झपाझप फिरवा, शक्यतो भर वाऱ्यात, रेडिएटरचा पंखा चालू ठेवून. काही वाजणार नाही.

आमच्या शेजारच्या काकांचा मार्ग याहून राजेशाही. त्यांच्या कॉम्प्रेसरवर तेल दिसलं, तर ते पुढची चौकशी न करता “कॉम्प्रेसरच गेला” या निष्कर्षावर आले. बावीस हजार मोजले. जुना कॉम्प्रेसर त्यांनी गोणपाटात गुंडाळून घरी आणला आणि आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. दीड महिन्यात पुन्हा कोमट हवा. मग कळलं, की ते तेल वरच्या टॅपेट कव्हरमधून टपकलेलं इंजिनचं होतं आणि गॅस जात होता कंडेन्सरला दगड लागून पडलेल्या छिद्रातून. एखाद्याच्या कॉम्प्रेसरवरचं तेल खरंच एसीचं निघतं, तरी त्यावर बसणाऱ्या पाइपच्या सांध्यातली पन्नास-शंभर रुपयांची रबरी रिंग गेलेली असू शकते. पण रिंग गोणपाटात गुंडाळून कुणाला दाखवणार?

मेहुणा असेल तर तुमचं काम आणखी सोपं. आमच्या मेहुण्याने ऑनलाइन एक डबा मागवला. आत सोडा, गळती आपोआप बुजते. आपोआप बुजतेही कधीकधी. हवा आणि ओलावा लागला की तो पदार्थ घट्ट होतो. पाच मिनिटांच्या व्हॅक्यूमवाल्या चक्रात ओलावा आतच बसलेला असतो, त्यामुळे भोकाऐवजी एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, म्हणजे कूलिंग कॉइलच्या तोंडाची बारीक वाट, बुजायची सोय होते. नंतर चांगल्या गॅरेजवाल्याने गॅस काढायचं मशिन लावायला नकार दिला, तर रागावू नका. त्याला मशिन वापरायचंय अजून.

दरवर्षी नुसता गॅसच भरा, तेलाचं नाव काढू नका. गॅसबरोबर थोडं थोडं तेलही जातं आणि एक दिवस कोरडा पडलेला कॉम्प्रेसर जाम होतो. आत धातूचा चुरा होतो, तो कंडेन्सरपर्यंत पसरतो. बऱ्याच गाड्यांत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही त्याच पट्ट्यावर फिरतो, म्हणजे एसी गेला तेव्हा सोबत गाडीही जायला तयार. आणि हो, दसऱ्याला एसीचं बटण बंद केलं की होळीपर्यंत हात लावू नका. थंडीत आठवड्यातून दहा मिनिटं लावला तर तेल फिरून सील ओलं राहतं. सील ओलं राहिलं तर मे महिन्यात गॅरेजात कुणाशी गप्पा मारणार?

पर्यावरणवाल्यांचं मनावर घेऊ नका. एसीतला आर-१३४ए हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट तापदायक मानला जातो. माझ्या गाडीतले चारशे ग्रॅम म्हणजे अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. चार वर्षांत दोन टन मी बिनबोभाट वर सोडले आणि पुन्हा पारा ४५ला गेला म्हणून सरकारला शिव्या दिल्या. भारताला हे असले गॅस २०२८ पासून ठरलेल्या मर्यादेत ठेवायचे आहेत. म्हणजे अजून वेळ आहे.

यंदा मात्र माझी फसगत झाली. नेहमीचं गॅरेज बंद होतं, म्हणून त्या खवट मिस्त्रीच्या हाती सापडलो. त्याने मागच्या वेळी म्हणे गॅसमध्ये रंग सोडून ठेवला होता. (मागच्या वेळी म्हणजे फेब्रुवारीत, बायकोने परस्पर गाडी नेली होती.) दिवेलागणीला त्याने शटर अर्धं खाली ओढलं, मला पिवळा चष्मा दिला आणि जांभळा टॉर्च कॉम्प्रेसरच्या नाकावर धरला. क्लचच्या मागे पोपटी हिरवा रंग लखलखला. सीलपासून निघून खाली ओघळलेली एक रेघ, टोकाला एक थेंब. इतकी स्वच्छ गळती मी जन्मात पाहिली नव्हती.

“हे बघा साहेब. शाफ्ट सील. दोन दिवस गाडी सोडा, कॉम्प्रेसर खाली उतरवतो, सील बदलतो, मोजून तेल टाकतो.”

परवा जालन्याला साडूच्या मुलीचं लग्न. समृद्धीवरून भर दुपारी जायचं, मागे सासूबाई. मी चष्मा काढून त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, “सगळं पटलं मिस्त्री. पण यंदाच्यापुरता नुसता गॅस भरून देता का?”

त्याने टॉर्च बंद केला.